बाराव्या खांबापाशी

ओहोटी लागली की आमचं घर
ओचा वर खोचून चिखलात उभ्या बाईसारखं दिसायचं.
सोळा खांब लूमाच्या लाकडाचे,
त्यांना गळ्यापर्यंत डसलेले शिंपले,
आणि बाराव्या खांबापाशी मेन्यो.

तो दिसत नसे. हे आधीच सांगते,
मागाहून तंटा नको.

एवारिस्तो, माझा थोरला, जमिनीवर पालथा पडून
फळ्यांच्या फटीला माझा डोळा लावायचा:
"तो बघ. सगळं घर खांद्यावर घेतलंय त्यानं.
पाणी चढताना कुणी खाली उतरून हाक मारली
तर तो मान वळवेल,
आणि मान वळवली की घर कलंडेल,
आईसकट, चुलीसकट."
मी पाच वर्षांची.
खरं तर दचकायला हवं होतं.
मला वाटलं, केवढा गारठत असेल बिचारा.

आईच्या टोपलीतली उरलीसुरली लोकर घेऊन
मी त्याला हातमोजा विणला,
दोरीला बांधून फटीतून सोडला.
भरतीनं नेला. मग दुसरा.
दोन्ही डाव्याच हाताचे;
उजव्या हातानं त्यानं तुळई धरलेली.

सोळाव्या वर्षी एवारिस्तो
मेंढ्या भादरायला पलीकडच्या पातागोनियात गेला.
दोन पत्रं आली.
दुसऱ्यात पैसे होते, मजकूर नव्हता.

मी विणत राहिले.
आधी टोप्या, स्वेटर, बाजारात खपतं ते.
मग एका हिवाळ्यात, तिशी उलटल्यावर,
सुया हातात असतानाच सुचलं:
त्याला आपण कसे दिसत असू?
आणि मी गाव खालून विणायला घेतलं.
होड्यांची पोटं, बदकांचे पाय,
फटींतून झिरपणारा दिव्याचा उजेड,
वरून भिरकावलेली बटाट्यांची सालं,
ओल्या फळीवर थबकलेले कुणाचे तरी दोन तळवे,
ज्यांना आत जावं की नाही ते कळत नाही.

मग ते पसरलं, खोकला पसरतो तसं.
आबुंदियो होड्या बांधतो;
तो पाण्यात बुडणाऱ्या भागावर फुलं रंगवू लागला.
म्हणे, "वरचं काय, कुणीही बघतं."
सुनिल्दा बाईंच्या वर्गातली पोरं
त्याला पत्रं लिहून बाटल्यांतून सोडतात.
एकानं विचारलं होतं: तुला खाज सुटली तर?
ओतिलियानं लाकडात कोरलेल्या मेन्योला दाढी दिली.
तीन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही.
माझ्या मेन्योला चेहराच नाही,
त्याची पाठ तेवढी मला ठाऊक.

परवा एवारिस्तो आला. एकाहत्तर वर्षांचा,
बोटं कात्रीच्या मापानं वाकून राहिलेली.
शाळेच्या भिंतीवर माझं विणकाम टांगलंय,
त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.
"हे कुठून सुचलं तुला?"
"तूच दाखवलास की. मेन्यो."

त्याला आठवेना.
मग आठवलं, आणि तो खालीच बसला.
"अगं, त्या वर्षी हेराल्दिनाची पोर
शिंपले वेचता वेचता भरतीत गेली.
तू तशीच, सारखी शिडीवर.
तुला भीती घालायची होती, बाकी काही नाही.
नावसुद्धा... आपल्या शेजाऱ्यांच्या बैलाचं होतं ते."

बैलाचं.
मी किटली चढवली.
मनातल्या मनात एक टोक ओढून पाहिलं,
साठ वर्षांचं उसवतं का म्हणून.
गाठ कुठेतरी भलतीकडेच बसली होती, हलली नाही.

रात्री दिवा मालवून म्हातारा
गुडघे वाजवत जमिनीवर पालथा झाला,
फटीला डोळा लावला. शेजारी मी.
बाराव्या खांबाला पाणी चढत होतं.

"आहे?" मी विचारलं.
"हळू बोल," तो म्हणाला.